मोठीनं दर वेळी का सोडायचं?

नमस्कार ताई,

आम्ही साताऱ्याला राहतो. मला दोन मुलं. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा चार वर्षांचा, ज्युनियर केजीत जातो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मुलं सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत भांडतात. टीव्हीचा रिमोट, बेसिनपाशी आधी कोण, रात्री माझ्या शेजारी कोण झोपणार. खेळणी, रंगपेट्या, पाण्याच्या बाटल्या सगळं दोन-दोन आणतो, तरी ‘तिच्याकडचंच मला हवं’ चालूच.

गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांनी मिळून किल्ला केला होता. धाकट्यानं त्यावर पाय दिला आणि बुरूज ढासळला. मुलीनं त्याला ढकललं, तो पायरीवर पडला, हनुवटीला टाके घालावे लागले. मी तिला सगळ्यांसमोर मारलं. पुढे शेजारच्या मुलानं ‘हिच्या भावानं किल्ला पाडला’ म्हणत तिला खेळायला घेणं बंद केलं. त्यावरून त्याच्या आईशी माझी बोलाचाली झाली, आता आमचं बोलणंच बंद आहे. सासूबाई म्हणतात, ‘ती मोठी आहे, तिनंच समजून घ्यायला हवं.’ आता मुलगी मोठ्यानं भांडत नाही, पण कुणी बघत नसलं की त्याला चिमटे काढते. तो चावतो. सॉरी म्हणायला लावलं की दोघंही म्हणतात आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच. भांडू नये हे मुलांना शिकवायचं तरी कसं?

— एक आई, सातारा

नमस्कार.

पत्रात टाक्यांची हकीकत मोठी आहे, पण मला जास्त काळजी वाटली ती चिमट्यांची. सात वर्षांचं मूल उघड भांडायचं सोडून लपून चिमटे काढायला लागतं, तेव्हा त्यानं मनाशी एक गोष्ट ठरवलेली असते: मोठ्यांसमोर बोलून उपयोग नाही, निकाल आधीच लागलेला आहे. घराला वाटतं भांडण कमी झालं. खरं तर ते आपल्या नजरेआड गेलेलं असतं, आणि नजरेआडचं भांडण जास्त बोचरं होत जातं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. भांडू नये हे मुलांना शिकवता येत नाही, आणि शिकवायची गरजही नाही. अंगावर न जाता, उघडपणे, दोघांना मान्य होईल अशा ठिकाणी भांडण कसं आणायचं, हे मात्र चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. त्यासाठी घरातल्या मोठ्यांना न्यायाधीशाची खुर्ची सोडावी लागते. अवघड आहे ते. कामाच्या गडबडीत निकाल देऊन मोकळं होणं सोपं असतं.

किल्ल्यावर काय झालं ते आधी मुलांच्या बाजूनं पाहू. विटा-दगड रचायचे, गोणपाट टाकायचं, माती कालवून लिंपायची, अळीव पेरायचे, ते उगवून हिरवं दिसेपर्यंत तीन-चार दिवस रोज पाणी शिंपडायचं. कुणी घरून मावळे आणतं, कुणी तळ्यासाठी आरशाचा तुकडा. तुमच्या मुलीनं सुट्टीतले इतके दिवस त्यात घातले होते. धाकटा तेवढेच दिवस ‘लांब हो, हात लावू नकोस’ ऐकत बाजूला उभा असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बहुतेक किल्ल्यांपाशी धाकट्यांचं असंच होतं. त्याला मावळ्यांपर्यंत पोचायचं होतं आणि वाट बुरुजावरून जात होती.

‘त्यानं मुद्दाम केलं,’ असं मुलगी म्हणाली असेल, आणि ती खोटं बोलत नव्हती. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या नैतिक समजेचा अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यानं मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगितल्या होत्या. एक मुलगा जेवायला येताना दार ढकलतो, दारामागे ट्रे ठेवलाय हे त्याला ठाऊक नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना कपाटातला जॅम काढायला वर चढतो, एक कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलांपैकी बरीच जण म्हणाली, पंधरा कप फोडणाऱ्याची. नुकसानापेक्षा हेतू मोठा हे कळायला वय जावं लागतं. सातव्या वर्षी ते नुकतं कळायला लागलेलं असतं, आणि राग आला की सगळ्यात आधी तेच विसरलं जातं. त्यामुळे पडलेल्या बुरुजाकडे बघून तिला एवढंच दिसलं की आपलं सगळं गेलं.

धाकट्याचीही एक अडचण आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसू शकतं, आपल्याला जे वाटतं त्याहून वेगळं त्याला वाटू शकतं, ही जाण साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की व्हायला लागते. म्हणून ‘ताईनं किती मेहनत केली होती, तुला कळत नाही का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. ‘असं का केलंस?’ हेही त्याला विचारू नका. का केलं ते त्यालाच सांगता येत नाही. मग तो गप्प बसतो, नाहीतर आपल्याला हवंसं वाटणारं काहीतरी बनवून सांगतो, आणि आपण त्याला लबाड ठरवतो.

आता न्यायनिवाड्याचं. ‘कुणी सुरू केलं?’ हा प्रश्न घरातून कायमचा काढून टाका. त्याला कधीच उत्तर नसतं. तिनं ढकललं कारण त्यानं पाडलं, त्यानं पाडलं कारण तिनं हाकललं, तिनं हाकललं कारण परवा त्यानं मावळ्याची तलवार मोडली होती. हा प्रश्न विचारला की दोन्ही मुलं एकमेकांशी बोलणं सोडून तुमच्याशी बोलायला लागतात, आणि दोघांचंही लक्ष आपण कसे बरोबर आहोत हे तुम्हाला पटवण्यात गुंततं. त्यात धाकटा नेहमी पुढे असतो, कारण त्याला रडता येतं आणि तो दिसायला लहान असतो.

याऐवजी काय करायचं ते बालवाडीतल्या एका प्रसंगावरून सांगते. भातुकलीत दगडाचं एक छोटं जातं होतं. एकच. दोन मुली, दोघीही साडेचारच्या आतबाहेर, जात्याचा खुंटा धरून ओढाओढ करत होत्या. बाई तिथं गेल्या, खाली बसल्या आणि जात्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘ठरेपर्यंत जातं माझ्यापाशी.’ आवाज चढवला नाही, जातं हिसकावूनही घेतलं नाही. मग पहिलीला म्हणाल्या, ‘तू सांग. ती ऐकेल, मग ती सांगेल.’

‘मी दळत होते.’

‘तू दळत होतीस. आणि तू?’

‘मला कधीच मिळत नाही. ती रोज घेते.’

‘हिला रोज मिळत नाही म्हणून राग आलाय. आणि हिचं दळण अर्धं राहिलंय म्हणून हिला राग आलाय. जातं एक आहे आणि दोघींना हवंय. आता काय करूया?’

पहिलीनं लगेच तोडगा काढला: ‘तिनं घरी जावं.’ आपण मोठे इथं हसतो किंवा रागावतो. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तिला चालतंय का विचार.’ तिला अर्थातच चाललं नाही. मग दुसरी म्हणाली, उद्यापासून जातं माझंच. तेही पहिलीला चाललं नाही. मग बाई काहीच बोलल्या नाहीत. ती शांतता ऐकणाऱ्यालाही लांबलचक वाटत होती. शेवटी दुसरीच म्हणाली, ‘मी पीठ चाळते. मग भाकरी थापू. मग मी दळणार.’ आणि चाळणी आणायला पळाली.

मोठ्या माणसानं तिथं फार तर ‘पाच मिनिटं तू, पाच मिनिटं ती’ असं सांगितलं असतं, आणि दुसरी मुलगी पाच मिनिटं घड्याळाकडे आणि पहिलीच्या हाताकडे बघत बसली असती. चाळणीची कल्पना मोठ्यांना सुचत नाही, कारण आपल्याला भांडण मिटवायचं असतं आणि मुलांना खेळायचं असतं.

बाईंनी केलं ते सगळं तुम्हाला घरी करता येईल. वस्तू आपल्या हाताखाली घ्यायची. दोघांच्या उंचीला खाली बसायचं. दोघांनाही मध्ये न तोडता बोलू द्यायचं आणि जे बोललं गेलं तेच आपल्या तोंडून पुन्हा सांगायचं, शेरा न मारता. अडचण ‘दोघांची मिळून’ अशी मांडायची. मग ‘आता काय करूया?’ विचारून गप्प बसायचं. सगळ्यात कठीण काम शेवटचं. तुमच्या तोंडावर उत्तर आलेलं असेल, ते गिळा. ठरलं की दहा मिनिटांनी एक चक्कर मारा, कारण मुलांनी ठरवलेलं पहिल्यांदा हमखास मोडतं. मोडलं तर रागवायचं नाही, ‘हे जमलं नाही वाटतं, दुसरं काही ठरवूया का?’ म्हणायचं.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच घराघरांत करून पाहिलं. पाच ते दहा वर्षांच्या भावंडांच्या आयांना मध्यस्थी कशी करायची ते शिकवलं: आधी बोलण्याचे नियम, मग दोघांची बाजू आणि अडलंय कुठे ते, मग कुणाला काय वाटतं, आणि शेवटी तोडगा. तोडगा मुलांनीच काढायचा, आयांनी नाही. २००७ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की अशा घरांतली मुलं जास्त शांतपणे बोलायला लागली आणि समोरच्याला काय वाटत होतं हेही त्यांना जास्त नीट सांगता यायला लागलं. तुमचा धाकटा पाचाच्या आतला आहे, म्हणून त्याच्या वाट्याचे शब्द तुम्हाला पुरवावे लागतील. ‘तुला पण मावळा धरायचा होता का?’ असं विचारून तो मान हलवेल एवढी वाट बघा. शब्द हाताशी नसले की दात पुढे येतात.

चावण्याबद्दल इथंच सांगते. चावायला जाताना हात मध्ये घालून थांबवा आणि एकच वाक्य बोला: ‘चावायचं नाही, दुखतं.’ लांबलचक भाषण नको. आणि चावून झालं असेल तर आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. आपण बहुतेकदा चावणाऱ्याकडे धावतो आणि सगळं लक्ष त्यालाच मिळतं. चार-पाच दिवस वेळ लिहून ठेवा. शाळेतून आल्यावर जेवणाआधी किंवा संध्याकाळी झोप अनावर झाल्यावर चावत असेल, तर अर्धा इलाज स्वयंपाकघरात आहे. चावणं एक ते तीन वर्षांच्या मुलांत जास्त दिसतं. चौथ्या वर्षी ते रोजच्या रोज होत असेल, बोलणं घराबाहेरच्यांना कळत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करता येईल. यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन-दोन वस्तू आणता म्हणालात. त्या बंद करा. माँटेसरी पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकच ठेवलेलं असतं. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं, हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. गिजुभाई बधेका मुळात वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं आणि हीच पद्धत आपल्याकडच्या मुलांना सोसेल अशी करून घेतली. शिक्षा आणि बक्षीस दोन्हींना त्यांचा विरोध होता. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, मातीची, बियांची, शिंपल्यांची साधनं घेऊन. एका वस्तूभोवती दोन मुलं बसली की शिकायला विषय मिळतो. दोन वस्तू आणल्या की तो विषय संपतो आणि हेवा तेवढा उरतो, कारण मुलाला रंगपेटी नको असते, ताईच्या हातातली रंगपेटी हवी असते.

मात्र याला दुसरी बाजू आहे, आणि तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य तेच आहे. ‘ती मोठी आहे, तिनंच समजून घ्यायला हवं.’

मोठी म्हणजे किती वर्षांची? सात. तो जन्मला तेव्हा ती तीन वर्षांची होती, म्हणजे आज तो आहे त्याहूनही लहान. त्या दिवसापासून ती मोठी आहे. तो चार वर्षांचा असून लहान, आणि ती चार वर्षांची होती तेव्हाही मोठीच. त्यात ती मुलगी. आपल्या घरांमध्ये ‘तू ताई आहेस ना, दे त्याला’ हे जितक्या सहज म्हटलं जातं, तितक्या सहज ‘तू दादा आहेस ना, दे तिला’ म्हटलं जातं का, याचा विचार सासूबाईंनी, तुम्ही आणि मुलांच्या बाबांनी मिळून करावा. तुमच्या घरात मुलीला दोनदा माघार घ्यायला लागते, एकदा थोरली म्हणून आणि एकदा बाई म्हणून. ती आज चिमटे काढते आहे. उद्या ते बंद होतील आणि ती कुणासमोरही हवं ते मागेनाशी होईल, आणि त्याला आपण समजूतदारपणा म्हणू. मला याची भीती वाटते.

मुलाचंही यात भलं नाही. आवाज चढवला की वस्तू मिळते हे तो शिकतो, आणि सोसायटीच्या मैदानात ते चालत नाही. तिथं त्याला खेळायला कोण घेणार?

म्हणून काही गोष्टी फक्त तिच्या असू द्या. कपाटातला वरचा एक खण, त्याचा हात पोचणार नाही असा. त्यातलं काही कुणाला द्यायचं की नाही हे ती ठरवेल, आणि तिनं ‘नाही’ म्हटलं तर घरातलं कुणीही ‘एवढं काय, दे की’ म्हणणार नाही. त्यालाही खालचा एक खण द्या. बाकीची खेळणी दोघांची. आणि एखादी वस्तू तिच्या हातात असताना त्याला हवी झाली, तर ‘दे त्याला’ म्हणू नका, ‘तुझं झालं की त्याला दे’ म्हणा. कधी झालं ते ती सांगेल. तो रडेल. त्याला मांडीवर घ्या, ‘थांबणं कठीण जातंय ना’ म्हणा, पण वस्तू मागून आणून देऊ नका. आपली वस्तू कुणी हिसकावणार नाही याची खात्री पटली की मुलं ती अनपेक्षितपणे लवकर सोडतात.

सासूबाईंशी यावरून वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी मुलांची भांडणं मोठ्यांपर्यंत येतच नसत. वाड्यात, गल्लीत चुलत-मावस धरून दहा-बारा मुलं असायची आणि त्यांचे कायदे तीच चालवायची. राज्य कुणावर हे चकून ठरायचं, त्यात कुणाचं नातं चालायचं नाही. दम लागला की ‘टॅम्प्लीज’ म्हणायचं आणि समोरच्यानं ते पाळायचं. कट्टी घेता यायची आणि संध्याकाळच्या आत बट्टीही व्हायची. अगदी लहान मूल असलं तर ते कच्चं लिंबू: खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आउट धरायचं नाही. धाकट्याला सामावून घेण्याची याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही, आणि ती मुलांनीच काढलेली आहे. तुमच्या दोघांना फ्लॅटमध्ये एकमेकांखेरीज कुणी नाही, आणि भांडण झालं की समोर मोठं माणूस हजर. त्यामुळे ती तुमच्याकडे धावतात. आजींना विनंती करा की त्यांचे हे खेळ त्यांनी दोघांना शिकवावेत. चकायचं कसं हे चार वर्षांच्या मुलाला शिकवणं हे मोठं काम आहे, आणि ते त्या तुमच्यापेक्षा चांगलं करतील. सोबत एकच गोष्ट मागा: भांडण त्यांच्यापाशी आलं तर दोघांचं ऐकून घ्यावं, निकाल मात्र देऊ नये.

पुढच्या किल्ल्यालाही कच्च्या लिंबाचा कायदा लागू करा. अळीव शिंपडणं, रोजचं पाणी घालणं आणि पायथ्याशी एक गुहा त्याच्या ताब्यात. काय त्याचं आणि काय त्याचं नाही हे माती भिजवण्याआधी मुलीनंच त्याला सांगावं.

मारल्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला ते आधीच टोचतंय हे पत्रातून दिसतं. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि दोषी शिक्षकावर कारवाई होऊ शकते. घरात असा कायदा बघायला कुणी येत नाही, तो आपणच पाळायचा. तिनं तिच्याहून लहानाला ढकललं म्हणून तुम्ही तुमच्याहून लहान असलेल्या तिला मारलंत. त्यातून तिला एवढंच कळलं की ज्याचा हात मोठा त्याला चालतं. तिला एकटीला जवळ घेऊन सांगा, ‘त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर मारलं, ते चुकलं. तुझा किल्ला मोडला तेव्हा तुला काय वाटलं हे मी विचारलंच नाही. आता सांगशील?’ आणि ऐका. मध्ये ‘पण तू त्याला ढकललंस ना’ आणू नका. ते तिला माहीत आहे, टाके तिनंही पाहिलेत.

सॉरी म्हणायला लावणं थांबवा. पाच मिनिटांत पुन्हा तेच होतं, कारण सॉरी म्हटलं की सुटका होते हे दोघांना कळलंय. त्याऐवजी ज्यानं दुखवलं त्यानं काहीतरी करायचं: फडकं ओलं करून आणायचं, पडलेले ठोकळे पुन्हा रचायला बसायचं, फाटलेलं पान चिकटवायचं. काय करायचं ते ज्याला लागलं त्याला विचारा. कधी कधी ते म्हणतं, ‘काही नको, तू लांब बस.’ तेही चालेल.

शेजारचा मुलगा तिला खेळायला घेत नाही, त्यात दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, तो रुसलेला आहे. किल्ला त्याचाही होता, आणि त्याचं नुकसान झालं त्याबद्दल त्याच्याशी कुणी बोललेलंच नाही. असं असेल तर मुलीला दोन वाक्यं शिकवून पाठवा: ‘किल्ला मोडला त्याचं मला पण वाईट वाटलं. मी कुठे उभी राहू?’ ‘मला खेळायला घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. ‘कुठे उभी राहू?’ विचारलं की बहुतेक वेळा जागा मिळते.

दुसरी शक्यता अशी की तो बाकीच्यांनाही तिच्याविरुद्ध फिरवतो आहे, रोज, तिचीच पाळी, आणि ती खाली जायला घाबरते आहे. मग ते भांडण नाही, छळ आहे. तिथं मध्यस्थी, चर्चा, दोघांचं ऐकून घेणं यातलं काही करायचं नसतं. मोठ्यांनी थेट मध्ये पडून ते थांबवायचं असतं. जिथं एकाला भीती वाटते तिथं दोघांना समान बसवणं अन्याय आहे. भावंडांमध्येही हेच लागू, हे ध्यानात ठेवा.

कुठलंही असलं तरी त्या मुलाच्या आईशी तुम्हाला बोलावं लागेल. ग्रुपवर किंवा फोनवर नको, दारात जाऊन. सुरुवात मुलांपासून करू नका, ‘त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले’ एवढ्यानंच करा. तुमची मुलगी दाराआडून ऐकत असेल. ऐकू द्या.

आता कुठून सुरुवात करायची. रिमोट, बेसिन, झोपायची जागा, सगळं एकदम हाती घेऊ नका. झोपायच्या जागेचं भांडण निवडा, कारण ते रोज ठरलेल्या वेळी होतं आणि त्यात कुणी पडत-धडपडत नाही. पण ते रात्री सोडवायला बसू नका. तेव्हा तिघंही दमलेले असता. येत्या रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, दोघांना समोर बसवून विचारा की रात्री आईची बाजू एकच मोकळी असते, तर काय करायचं. धाकटा म्हणेल, ताईनं आजीपाशी झोपावं. तिला चालतंय का ते त्यालाच विचारायला सांगा. ठरेल ते तिला कागदावर लिहू द्या, त्याला खाली चित्र काढू द्या, आणि तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. पहिले दोन-तीन आठवडे भांडणं वाढल्यासारखी वाटतील, कारण आजवर गप्प राहणारी मुलगी बोलायला लागेल. त्या वेळी तिला गप्प करू नका, आणि सासूबाईंना तसं आधीच सांगून ठेवा.